यमाची कचेरी

कोकणातल्या हेदवीसारख्या गावात घरातलं माणूस गेलं की दहा दिवस गरुडपुराण वाचतात. वैतरणी, यमपुरीच्या वाटेवरची सोळा नगरं, चित्रगुप्ताची वही, वर्षभर चालणारा जीव, हे सगळं आपण कानांनी ऐकतो. समोर चित्र नसतं.

हाच यम बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला आणि ‘यानलुओ’ झाला. तिथे तो एकटा उरला नाही. न्यायाला दहा राजे बसले, त्यांत यम पाचवा. मृताने पहिले सात आठवडे आठवड्याला एका राजापुढे उभं राहायचं, मग शंभराव्या दिवशी, वर्षाने आणि तिसऱ्या वर्षी. आपली मासिकं, वर्षश्राद्ध डोळ्यांपुढे येतातच.

मिंगजोऊ, म्हणजे आजच्या निंगबो बंदरातल्या जिन चूशीच्या चित्रशाळेने 1195 पूर्वी हे दहा राजे रेशमावर रंगवले. पाच पट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, पाच बोस्टनला. राजा सरकारी अंमलदाराच्या वेषात मेजामागे बसलेला, शेजारी दप्तर घेतलेले कारकून, पाठीमागे शाईने रंगवलेल्या डोंगरांचा शांत पडदा. आणि मेजाखाली मारझोड, रक्त. चित्रकाराने नरक राक्षसांच्या हाती न देता कचेरीच्या हाती दिला, हे मला त्या पटांचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. लाच, वशिला, हरवलेली कागदपत्रं भोगलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. यमापुढे मात्र कर्माचा आरसा असतो, त्यात ज्याचं त्याला दिसतं. तिथे साक्षीदार फोडता येत नाही.

आपल्याकडे असे पट नव्हते असं नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त बाजारात यमपट दाखवणारा माणूस रंगवला आहे: डाव्या हातातल्या काठीवर ताणलेला पट, त्यात रेड्यावर बसलेला यम, दाखवणाऱ्याच्या उजव्या हातात बोरू, भोवती पोरांचा घोळका. ‘मुद्राराक्षसा’त तर चाणक्याचा हेर यमपट घेऊनच घरोघर फिरतो. बंगालच्या पटुव्यांनी यमाचा दरबार आजवर जपला. कोकणात यमपट राहिला नाही, पण चित्र दाखवत कथा गाण्याची रीत कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने टिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

ठाकरांच्या चित्रपोथ्यांत रामायण-महाभारत आहे, सुटी चित्रं एकावर एक रचलेली. दक्षिण कोकणात उतराल तेव्हा पिंगुळीला थांबा, आणि समोर बसून एक तरी कथा पुरती ऐका.