संकर, संसृष्टी आणि मोटारपरीक्षण

ग्रंथपरीक्षण हा आपल्या अभ्यासाचा विषय होऊन बराच काळ लोटला. नाट्यपरीक्षण आणि चित्रपटपरीक्षण यांचाही विचार अधूनमधून होत असतो. मोटारपरीक्षणाकडे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः या प्रकाराला वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत मिळणारी जागा थोडीथोडकी नाही, आणि त्याचा वाचक त्यावर विसंबून पंधरा-वीस लाख रुपयांचा निर्णय घेत असतो. चुकीच्या ग्रंथपरीक्षणाने वाचकाचे फार तर तीनशे रुपये आणि दोन संध्याकाळी वाया जातात. मोटारीच्या बाबतीत चुकीचे परीक्षण दहा वर्षे दारात उभे राहते. परीक्षकाची विश्वासार्हता म्हणजे काय, हा आपल्या शास्त्रातील जुनाच प्रश्न या उपेक्षित प्रकारात विशेष धारदार होतो. आणि पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर अशी दोन्ही वाहणाऱ्या, ‘हायब्रीड’ म्हणजे संकरित गाडीपाशी येताच तो ऐरणीवर येतो.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून सध्या माझा मुक्काम जबलपूरच्या गोरखपूर या वस्तीत आहे. या शहराला मोटार नवी नाही. ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून येथील गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला, आणि १९६९ साली स्थापन झालेल्या व्हीकल फॅक्टरीत पुढे ते काम वाढले. येथेच पूर्वी तयार होत असलेल्या ‘जोंगा’ गाडीचे नाव जपानी वाटते. प्रत्यक्षात ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरे जुळवून घडलेले आहे. अशा शहरातील मराठी घरांत गाडीची चर्चा हौशी नसते. लष्कर नवे वाहन स्वीकारण्यापूर्वी ते दीर्घकाळ आणि दूरवर पारखून घेते, हे येथे अनेकांनी नोकरीत असताना पाहिलेले आहे. व्हीकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे एक शेजारी अलीकडे संकरित गाडीचे मालक झाले. त्या गाडीविषयी छापून आलेली परीक्षणे त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि इतकेच विचारले, “प्रोफेसरसाहेब, एका दिवसात गाडी समजून येते का हो?”

त्यांची तक्रार एकेरी नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटले. एका परीक्षणात गाडीला जे श्रेय दिले होते ते तिला मिळायला नको होते, आणि दुसऱ्यात जो दोष दिला होता तो तिच्यात नव्हता. अशा दुहेरी चुकीचे मूळ लबाडीत शोधण्याआधी शब्दांत शोधणे बरे.

‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत मोटारीबरोबर आलेला नाही. तो ज्वारीबरोबर आला. सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ साली प्रसारित झाले. त्यानंतर काही वर्षांतच ग्रामीण बोलीत ‘हायब्रीड’ म्हणजे दिसायला टपोरे, पण चवीला आणि कसाला कमी, असा उपरोधिक अर्थ रूढ झाला. माणसांनाही तो लावला जाऊ लागला. २००८ मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रीड आणि २०१० मध्ये टोयोटाची प्रियस भारतीय बाजारात आली, तेव्हा हा संशय मराठी कानात आधीच बसलेला होता.

त्यात २०१५ मध्ये आणखी गोंधळ झाला. केंद्र सरकारची ‘फेम’ योजना त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये मारुतीची सियाझ ही गाडी ‘स्मार्ट हायब्रीड’ म्हणून विक्रीस आली. तिच्यात पट्ट्याने इंजिनाला जोडलेला एक छोटा विद्युत्-जनित्र आहे. तो इंजिन चालू करतो, वेग घेताना त्याला थोडा हातभार लावतो आणि गाडी मंदावताना काही वीज परत मिळवतो. मात्र एकट्याच्या बळावर तो गाडी हलवू शकत नाही. प्रियसमध्ये, किंवा २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या ‘स्ट्राँग हायब्रीड’ आवृत्तीत, विजेची मोटर इंजिन बंद ठेवूनही गाडी चालवते. शासनाने हा भेद उशिरा ओळखला आणि १ एप्रिल २०१७ पासून सौम्य प्रकाराला योजनेतून वगळले. परीक्षणांच्या भाषेत मात्र दोन्ही प्रकार एकाच शब्दाखाली नांदत राहिले.

आपल्या अलंकारशास्त्राकडे या भेदासाठी नेमके शब्द आहेत. एका पद्यात दोन अलंकार तीळ आणि तांदूळ यांच्यासारखे एकत्र आले, वेगवेगळे वेचून दाखवता आले, तर ती संसृष्टी. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो संकर. सियाझमधील योजना ही संसृष्टी होय. तेथील जनित्र काढून टाकला तरी गाडी चालेल, आणि त्याचा वाटा किती हे वेगळे सांगता येईल. टोयोटाच्या रचनेत मात्र इंजिन, जनित्र आणि मोटर एका ग्रहमालेसारख्या दंतचक्रांनी जोडलेली असतात. मधल्या सूर्यचक्राला जनित्र, फिरत्या ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याशी मोटर व गाडीची चाके. येथे एकाचे फिरणे दुसऱ्याच्या फिरण्यावर ठरते. हा खरा संकर.

संकराला संसृष्टी समजून वाचले की ज्या चुका होतात त्या या परीक्षणांत ठरावीक ठिकाणी सापडतात. ग्रँड विटाराच्या इंजिनाची शक्ती सुमारे ९२ अश्वशक्ती आणि मोटरची सुमारे ८०. परीक्षक बेरीज करून १७२ लिहितो आणि मग गाडी तितकी चपळ का नाही म्हणून नाराज होतो. तिची एकत्रित शक्ती सुमारे ११६ आहे. मोटरला वीज पुरवणारी बॅटरी लहान, पाऊण युनिटाच्या आसपास क्षमतेची, म्हणून मोटरची सगळी शक्ती इंजिनाच्या जोडीने बाहेर पडूच शकत नाही. दुसरी चूक ‘सी.व्ही.टी.’ या शब्दाची. साध्या सी.व्ही.टी.त दोन शंकूंमधून सरकणारा पट्टा असतो, आणि पट्टा ताणल्यासारखा त्याचा ढिला प्रतिसाद हा परीक्षकांचा आवडता विषय आहे. टोयोटाच्या रचनेला ‘ई-सी.व्ही.टी.’ म्हणतात खरे, पण तिच्यात असा पट्टाच नाही. जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगापुढे धावतो, ही तक्रार रास्त आहे. तिचे दिलेले कारण दुसऱ्याच गाडीचे आहे. तिसरी चूक ‘साठ टक्के प्रवास विजेवर’ या प्रकारची. हे टक्के काळाचे की अंतराचे, हे सांगितलेले नसते. चौकात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बंद असते तो काळही त्यात मोजला जातो. आणि ज्या गाडीला बाहेरून वीज जोडण्याची सोयच नाही, तिची सगळी वीज अखेर पेट्रोलमधूनच येते.

आता ‘मायलेज’. ग्रँड विटाराचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक वाचकाच्या मनात शास्त्राविषयी आदर उत्पन्न करतात. हे आकडे रस्त्यावरून येत नाहीत. वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या संस्थांत पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ पासूनची संस्था आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करून ११८० सेकंदांचा एक ठरलेला वेगक्रम तिच्याकडून चालवून घेतात. त्यातील ७८० सेकंद शहरी वेगाचे, उरलेले ४०० मोकळ्या रस्त्याचे, आणि तेथेही वेग ताशी ९० किलोमीटरपुढे जात नाही. वातानुकूलन बंद. ही चाचणी खोटी नाही. सर्व गाड्यांना एकाच छंदात म्हणायला लावून तुलना करण्याचे ते साधन आहे. पण मे महिन्यातील जबलपूर त्या छंदात बसत नाही.

उलट बाजूने परीक्षकाचा रस्ता पाहावा. नव्या गाडीच्या प्रकाशनासाठी उत्पादक पत्रकारांना एखाद्या रम्य ठिकाणी नेतात. गाडी अर्धा-एक दिवस हाती येते, मार्ग बहुधा महामार्गाचा किंवा घाटाचा असतो, आणि छायाचित्रांसाठी व वेग अजमावण्यासाठी गाडी पिटाळली जाते. संकरित गाडीचा गुण ज्या परिस्थितीत प्रकट होतो, तिच्या नेमकी उलट ही परिस्थिती. गोरखपूर बाजारात सायंकाळी सातला चार पावले चालून थांबावे लागते. प्रत्येक थांब्यावर, एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परततो आणि पुढची चार पावले त्यावरच चालतात. महामार्गावर एकसारख्या वेगात ही देवघेव उरत नाही. परीक्षक तेथे आकडा मोजतो आणि निष्कर्ष मात्र सरसकट लिहितो. अर्थात गोरखपूरही नेहमी अनुकूल नसते. सकाळी दीड किलोमीटरवर भाजी आणायला गेलेल्या गाडीचे इंजिन, बॅटरी भरलेली असली तरी, स्वतःला आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला तापवण्यासाठी चालत राहते. म्हणून फक्त छोट्या फेऱ्या करणाऱ्या मालकाला जाहिरातीतला आकडा कधीच भेटत नाही. परीक्षकांनी हे सांगायला हवे होते. माझ्या पाहण्यातील मराठी परीक्षणांत ते क्वचितच आले आहे.

गणिताचीही एक गफलत आहे. शहरात ३० आणि महामार्गावर २० मिळाले तर सरासरी २५ असे छापले जाते. दोन्हीकडे शंभर-शंभर किलोमीटर गेल्यास पेट्रोल लागते ३.३३ आणि ५ लिटर. म्हणजे सरासरी २४. अंतर कमीअधिक असेल तर तफावतही बदलेल. लिटरला किती किलोमीटर याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर असे लिहिले असते, तर ही चूक सुचलीही नसती.

पाश्चात्त्य देशांतील स्थिती अधिक शुद्ध होती असे समजण्याचे कारण नाही. २००८ मध्ये बी.बी.सी.च्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात प्रियस शर्यतीच्या मार्गावर जीव तोडून पळवली गेली आणि बी.एम.डब्ल्यू. एम३ तिच्या मागे निवांत चालली. प्रियसला लिटरला सहा किलोमीटर मिळाले, एम३ला जवळजवळ सात. गाडीपेक्षा चालवण्याची रीत महत्त्वाची, असे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनी तेथेच म्हटले होते. लोकांत पसरला तो आकडा, भाष्य मागे राहिले. त्याआधी, २००६ साली, अमेरिकेतील एका बाजार-संशोधन संस्थेच्या अहवालाने जन्मापासून मरणापर्यंतच्या हिशेबात धिप्पाड हमर गाडी प्रियसपेक्षा काटकसरी ठरवली होती. त्यासाठी हमरचे आयुष्य ३ लाख ७९ हजार मैल आणि प्रियसचे १ लाख ९ हजार मैल धरले होते. गृहीतकातच निकाल लपलेला होता. त्याच सुमारास एका ब्रिटिश वृत्तपत्राने कॅनडातील सडबरीच्या उजाड टेकड्यांचा दोष प्रियसच्या बॅटरीतील निकेलवर टाकला. प्रियस जन्मली १९९७ साली. त्या टेकड्या कित्येक दशके आधीच उजाड झाल्या होत्या, आणि १९७८ पासून तेथे वनीकरण चालू होते. वृत्तपत्राने पुढे दुरुस्ती छापली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे ओळखीचे आहे: अपपाठ दहा प्रतींत उतरतो, शुद्धिपत्र एकाच प्रतीला चिकटते.

दुरुस्ती प्रामाणिकपणे कशी करावी याचेही उदाहरण त्याच वर्षीचे आहे. अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने सहापैकी एकाही संकरित गाडीची जादा किंमत पाच वर्षांत वसूल होत नाही असे लिहिले, मग घसाऱ्याच्या हिशेबात चूक झाल्याचे ध्यानात येताच, त्यांतील दोन गाड्यांची ती होते असे जाहीर केले. तेथील शासनानेही २००८ च्या गाड्यांपासून चाचणीची पद्धत बदलून तीत वातानुकूलन, थंडी आणि जास्त वेग यांचा समावेश केला. प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ वर आला. गाडी तीच होती.

आपल्याकडे या अस्पष्टतेची किंमत मालकापुरती राहिलेली नाही. जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या संकरित मोटारींवर कर आणि उपकर मिळून ४३ टक्के आकारणी होती. विजेच्या मोटारींवर २०१९ पासून ५ टक्के. ही दरी योग्य की अयोग्य याचा वाद घालणाऱ्यांना रस्त्यावरचे विश्वसनीय आकडे हवे होते, आणि हाती होती ती जाहिराती व परीक्षणे. न्यायाचा मार्ग किती लांब आहे हे एका साध्या पेट्रोल गाडीच्या प्रकरणावरून दिसते. लिटरला १६ ते १८ किलोमीटर या जाहिरातीवर विसंबून २००४ साली मारुती झेन घेणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निर्णय आला तो जानेवारी २०२४ मध्ये. भरपाई, एक लाख रुपये.

नैयायिकांनी व्याप्तीच्या ज्ञानासाठी भूयोदर्शन, म्हणजे पुनःपुन्हा पाहणे, सांगितले आहे. ते परीक्षकापाशी नाही. ते मालकापाशी आहे. माझे शेजारी दर खेपेला टाकी पूर्ण भरतात आणि वहीत तारीख, किलोमीटर व लिटर लिहितात. चौथ्या रकान्यात शेरा असतो: ‘ग्वारीघाट, पाच माणसे’, ‘ए.सी. सतत’, ‘नागपूर, लग्न’. परीक्षणाला जी चौकट हवी ती या रकान्यात आहे: मार्ग कोणता, अंतर किती, माणसे किती, वातानुकूलन चालू की बंद. प्रवासाचा खर्च कोणी केला ही ओळ परीक्षकाने त्यात स्वतःची घालावी. असल्या चार-पाच ओळींना कोणत्याही परीक्षणात जागा होऊ शकते. छायाचित्र थोडे लहान करावे लागेल.

ग्रंथाचे पुनर्मूल्यांकन होते, मोटारीचे होत नाही. झालेले एक उदाहरण येथे नोंदवतो. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २००१ साली नव्या प्रियसची चाचणी घेतली होती. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांनी त्याच पिढीची, दोन लाख मैलांहून अधिक चाललेली एक गाडी एका मालकाकडून आणून पुन्हा मोजली. बॅटरी तोवर निकामी होईल असे भाकीत दशकभर छापले जात होते. नव्या गाडीला गॅलनला ४०.६ मैल मिळाले होते. जुनीला मिळाले ४०.४.