वाङ्मयीन निष्पादकाची निवड

मृत्युपत्राची अंमलबजावणी मृत्युपत्रकर्ता ज्याच्यावर सोपवितो तो निष्पादक. वकिलांच्या बोलण्यातला एक्झिक्युटर. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृताची मालमत्ता त्याच्या ठायी निहित होते. देणी फेडून उरलेले ज्याचे त्यास पोहोचविणे हे त्याचे काम. तो सज्ञान व मनाने सक्षम असावा, एवढीच कायद्याची मुख्य अपेक्षा. लेखकाच्या बाबतीत ती फारच अपुरी पडते. त्याच्यामागे वह्या, खर्डे, पत्रे आणि मृत्यूनंतरच्या ६० वर्षांचा स्वामित्वहक्क राहतो. कोणती संहिता प्रमाण मानावी, ती कोणत्या भाषेत जावी, हे पुष्कळदा निष्पादकाच्या वाचनावर ठरते. तौलनिक अभ्यासकाची सामग्री त्यातूनच घडते.

या संदर्भात काफ्काचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९२४ साली तो निवर्तला तेव्हा आपले अप्रकाशित लेखन जाळावे, अशा चिठ्ठ्या त्याने माक्स ब्रोड या मित्रासाठी ठेवल्या होत्या. ब्रोडने 'डेर प्रोत्सेस' १९२५ मध्ये व 'दास श्लोस' १९२६ मध्ये प्रसिद्ध केली. आपण ही इच्छा पाळणार नाही हे काफ्काला ठाऊक होते. तिचा खरोखर आग्रह असता तर त्याने दुसरा माणूस नेमला असता, असे ब्रोडचे समर्थन. ते सोयीचे आहे खरे, पण सर्वस्वी पोकळ नाही. आम्हांस अधिक बोधप्रद वाटते ते ब्रोडच्या स्वतःच्या मृत्युपत्राचे पुढील चरित्र. १९६८ मध्ये तो वारल्यावर कागद त्याच्या सचिव स्त्रीकडे राहिले. त्या तिला भेट मिळाल्या होत्या की केवळ सांभाळण्यासाठी, हे संदिग्धच होते. 'डेर प्रोत्सेस'चे हस्तलिखित १९८८ मध्ये लंडनला लिलावात विकले गेले. उर्वरित संग्रहाचा वाद २०१६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बाजूने मिटला. काफ्काला वाचविणाऱ्या मित्राला स्वतःचा उत्तराधिकारी नीट नेमता आला नाही.

भारतातील लेखकाने दोन-तीन तरतुदी अवश्य पाहाव्यात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २० प्रमाणे अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणास दिले, तर विरुद्ध इच्छा व्यक्त केलेली नसल्यास त्यातील लेखकाकडे असलेला स्वामित्वहक्कही त्याच्याकडे जातो. आठवण म्हणून पुतण्याला दिलेली वही अशा रीतीने कवितासंग्रहाचे भवितव्य ठरवू शकते. एकाहून अधिक निष्पादक नेमल्यास सर्वांची संमती आपोआप आवश्यक होत नाही. १९२५ च्या अधिनियमाचे कलम ३११ म्हणते की, विरुद्ध निर्देश नसेल तर मृत्युपत्र शाबीत केलेल्यांपैकी कोणीही एकटा अधिकार वापरू शकतो. उलट, कलम २४८ मर्यादित कार्यासाठी वेगळा निष्पादक नेमण्यास वाव देते. घर व ठेवी मुलीकडे आणि वाङ्मय जाणत्या स्नेह्याकडे, ही विभागणी त्यामुळे शक्य होते. मात्र निष्पादक हा मालक नव्हे. वाटप संपले की त्याचे काम संपते, म्हणून स्वामित्वहक्क कोणाकडे जाणार हे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

संस्थेकडे हक्क देणे हा टिकाऊ मार्ग. रवींद्रनाथांच्या (निधन १९४१) लेखनाचे हक्क विश्वभारतीकडे होते व १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ५० वरून ६० वर्षे झाल्यामुळे ते २००१ अखेरपर्यंत टिकले. संस्था मरत नाही; पण अनुवादकाला एकाच दारातून जावे लागते.

द्विभाषिक लेखकाचा प्रश्न आणखी नाजूक. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले. त्यानंतर 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' हा इंग्रजी संग्रह २००९ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. संपादक होते अरविंद कृष्ण मेहरोत्रा, स्वतः इंग्रजीतले कवी. निष्पादकत्वाचे हे कायदेशीर उदाहरण नव्हे, परंतु एका भाषेचा जाणकार पुरत नाही हे त्यावरून दिसते.

राहिली पत्रे. कागद पत्र मिळालेल्याच्या मालकीचा, मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा. निष्पादकाला त्यामुळे छापण्याची परवानगी नाकारता येते, पण पत्र मागून घेता येत नाही. लेखकाने आपण कोणाकोणाला सातत्याने लिहीत होतो याची यादी मृत्युपत्रासोबत ठेवली, तर निष्पादकाचे निम्मे काम हलके होते.