आकड्यांतून ओवी

वडगाव निंबाळकर हे बारामती तालुक्यातील एक मोठे गाव. नीरा नदीचे पाणी डाव्या कालव्याने या भागात येते आणि त्या पाण्यावर इकडील ऊस पोसला जातो. कालव्याच्या पाण्याची उंची पाहण्यासाठी खुणा केलेली मोजपट्टी असते. समजा, एखाद्या पाटकऱ्याने दर तासाला त्या पट्टीवरील आकडा वाचून वहीत टिपून ठेवला. पुढे ती वही कोणी हाती घेतली, चौकटीच्या कागदावर ते आकडे ठिपक्यांनी मांडले आणि ठिपक्यांवरून रेघ ओढली, तर पाणी केव्हा चढले व केव्हा उतरले, हे कालवा न पाहताही त्याला सांगता येईल. वाहते पाणी वहीत मावत नाही. त्याच्या उंचीचे आकडे मात्र मावतात.

आवाज साठविण्याची आजची रीत याहून फारशी निराळी नाही. माणूस गातो तेव्हा हवा कंप पावते. मायक्रोफोन त्या कंपाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. हा चढउतार म्हणजे जणू कालव्याचे पाणीच. एक यंत्र त्याची उंची क्षणोक्षणी मोजते व आकडे लिहून ठेवते. फरक एवढाच, की पाटकरी तासातून एकदा मोजतो आणि हे यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजते. कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, हिच्यासाठी हाच आकडा ठरविण्यात आला. तो मनास येईल तसा निवडलेला नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कोणताही कंप नीट टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप करावे लागते. मोजपट्टीवरील खुणाही बारीक हव्यात. सीडीच्या मोजपट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात. डाव्या व उजव्या कानासाठी वेगवेगळी नोंद ठेवली, तर एका मिनिटाच्या गाण्याला ५२,९२,००० आकडे लागतात!

आता ही वही वाचून रेघ पुन्हा ओढणारा कोणीतरी हवा. आकडे घेऊन त्यांचा पुन्हा विजेचा चढउतार करणाऱ्या यंत्राला परिवर्तक म्हणतात. बाजारात त्यास ‘डॅक’ या आखूड नावाने ओळखतात. मोबाईल, दूरदर्शन संच, संगणक, जेथे जेथे साठविलेला आवाज ऐकू येतो, तेथे तो कोठेतरी दडलेला असतोच. गाणी वाजविणारे यंत्र घरी तयार करावयाचे असेल, तर मात्र तो आपला आपण निवडावा लागतो.

असे यंत्र कोणी व कशासाठी करावे? पुणे जिल्ह्यातच त्याचे एक उत्तम निमित्त आहे. घरोघरी जाते होते तेव्हा पहाटे दळताना बाया ओव्या गात. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही मुक्या होऊ लागल्या. पुण्यात राहून काम करणारे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गेल्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने त्यांतील पुष्कळ ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. त्यासाठी त्यांनी ज्या ध्वनिफिती वापरल्या, त्यांवर आवाज आकड्यांच्या रूपाने उमटत असे. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून या ओव्या सर्वांना वाचण्या-ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. गाणाऱ्यांपैकी काहीजणी आज हयात नाहीत. त्यांचा आवाज उरला आहे तो आकड्यांच्या त्या राशीत.

वडगावातील एखाद्या घरी अशी एक आजी आहे, असे समजू. तिने तरुणपणी जाते ओढलेले आहे. मोबाईलच्या काचेवर बोट फिरविणे तिला जमत नाही. एक कळ दाबताच ओवी सुरू होईल अशी पेटी तिला हवी आहे आणि ती करावयाची हौस नातवंडांना आहे. पेटीच्या पोटात बसविण्यास तळहाताएवढा एक संगणक मिळतो. रास्पबेरी पाय या नावाचा असा बोर्ड इंग्लंडमध्ये तयार झाला व २०१२ साली विक्रीस आला. (यातील ‘पाय’ चालण्याचा नव्हे!) मुलांनी संगणकाशी खेळत खेळत तो शिकावा, हाच ते करणाऱ्यांचा हेतू होता. फाईलमधील ओवीचे आकडे उलगडून ओळीने पुढे पाठविण्याचे काम हा बोर्ड सहज करतो. पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

या बोर्डाच्या पुष्कळ प्रकारांना हेडफोनचे भोक आहे. त्यालाच ध्वनिवर्धक जोडावा, असे प्रथम वाटते. परंतु त्या भोकामागे खरा परिवर्तक नाही. तेथे बोर्ड काय करतो, हे पुन्हा कालव्यावर जाऊन पाहावे. चारीचे दार अर्धे उघडे ठेवता येत नाही, ते पूर्ण उघडते किंवा पूर्ण मिटते, असे समजू. तरीही चारीत निम्मेच पाणी हवे असेल, तर दार भराभर उघडावे व मिटावे. जेवढा वेळ उघडे तेवढाच वेळ मिटलेले. खाली पाणी सरासरीने निम्मे वाहील. हा बोर्ड विजेचे दार असेच अतिशय वेगाने उघडतो व मिटतो. युक्ती नामी आहे आणि खर्च जवळजवळ नाही. पण पाण्यावर जशी हलकी थरथर राहते, तशी आवाजातही राहते. शिवाय या रीतीने मोजपट्टीच्या सुमारे २,००० पायऱ्याच हाती लागतात. ६५,५३६ पायऱ्यांनी मोजलेली ओवी २,००० पायऱ्यांच्या जिन्यावरून उतरविली, तर हळू स्वर कोठेतरी अडखळणारच. सुरुवातीच्या बोर्डांत ही खरखर सहज ऐकू येई. रास्पबेरी पाय झिरो हा लहान बोर्ड आणि २०२३ साली आलेला पाचवा बोर्ड यांना तर हे भोकच नाही. तेव्हा तेथे निराळी सोय केल्यावाचून गत्यंतर नाही.

ती सोय बोर्डाच्या कडेला आहे. तेथे चाळीस पिनांची दुहेरी रांग असते. आकडे न बदलता, जसेच्या तसे परिवर्तकापर्यंत नेण्यासाठी फिलिप्स या डच कंपनीने १९८६ साली एक पद्धत ठरविली. तिला तीन तारा पुरतात. एक तार ताल धरते, दुसरी हा आकडा डाव्या कानाचा की उजव्या, हे सांगते आणि तिसरीतून आकडा जातो. रास्पबेरी पायवर या तारा अनुक्रमे १२, ३५ व ४० या क्रमांकांच्या पिनांना जोडतात. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना चुकून ५ व्होल्टची तार लागली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून तारा जोडताना वीज बंद असलीच पाहिजे.

परिवर्तकांचे प्रकार अनेक आहेत आणि दुकानदार प्रत्येकाची थोरवी सांगतो. कोणी म्हणतो, याला सेकंदाला ३,८४,००० आकडे झेपतात. ते खरेही असते. पण वहीत तासाची एकच नोंद असताना रेघ ओढणाऱ्याने कितीही बारीक टोकाची पेन्सिल आणली, तरी दोन नोंदींमधील नवी हकीकत त्याला कळावयाची नाही. ज्या बारकाईने ओवी टिपली गेली, त्याहून अधिक बारकाई कोणताही परिवर्तक तिच्यात घालू शकत नाही. त्याने फक्त स्वतःची खरखर तिच्यात मिसळू नये. पीसीएम ५१०२ ए ही साधी, स्वस्त चिप एवढे काम चोख करते. तिचा आणखी एक गुण असा, की आतील कामासाठी लागणारा अतिवेगाचा ताल ती तालाच्या तारेवरून स्वतःच तयार करते. काही परिवर्तकांना तो ताल बाहेरून द्यावा लागतो आणि त्यासाठी या बोर्डावर सरळ सोय नाही. निवड करताना ही गोष्ट मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक पाहण्यासारखी आहे.

तालाबद्दल जाणकार मंडळी बराच वाद घालतात. पाटकऱ्याने दहाचा आकडा सव्वादहाच्या जागी मांडला तर रेघ वाकडी होते, हे उघड आहे. बोर्डाचे घड्याळ संगणकाच्या सोयीचे असते. त्याला ४४,१०० ने नेमका भाग जात नाही, म्हणून ताल किंचित पुढेमागे होतो. महाग परिवर्तकांवर यासाठी स्वतंत्र घड्याळे बसविलेली असतात. मोठ्या वाद्यमेळाचे संगीत उंची यंत्रावर ऐकणाऱ्याने त्यांचा विचार करावा. एकट्या गळ्यातून आलेल्या ओवीत हा फरक कानाला सहसा कळत नाही. तो पैसा चांगल्या ध्वनिवर्धकासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

आता पीसीएम ५१०२ ए चा आवाज दुसऱ्या यंत्रात घालण्यापुरता असतो. कर्णा हलविण्याचे बळ त्यात नाही. घरात जुना, चालू स्थितीतील ॲम्प्लिफायर असेल तर हाच परिवर्तक घ्यावा. तसे काहीच नसेल तर मॅक्स ९८३५७ ए ही चिप उपयोगी पडते. ती आकडे घेते आणि लहानसा कर्णा थेट वाजविते. तिच्यातून एकाच कर्ण्याला आवाज मिळतो, डावाउजवा भेद राहत नाही. पण आजीच्या उशाशी ठेवावयाच्या पेटीला एक कर्णा पुरे आहे, आणि चार तारांचा गुंताही त्यामुळे वाचतो.

शेवटी परीक्षा कानांनीच करावयाची. ज्या बोर्डाला हेडफोनचे भोक आहे, त्यावर एकच ओवी प्रथम त्या भोकातून ऐकावी आणि मग नव्या परिवर्तकातून. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज उगाचच चांगला वाटतो. दोहोंपैकी कोणता कोणता, हे ऐकणाऱ्याला आधी सांगू नये. कान स्वरांकडे न देता दोन ओळींमधील विसाव्याकडे द्यावा. पहिल्या खेपेस त्या विसाव्यात बारीक खरखर ऐकू येईल. दुसऱ्या खेपेस तेथे शांतता असेल, आणि पुढची ओळ उचलण्यापूर्वी गाणारीने घेतलेला श्वास ऐकू येईल.