विदर्भाच्या रणजी करंडकामागचे आचरेकर सर
तळेगावातल्या क्रिकेटवेड्या मंडळींनो, आज रमाकांत आचरेकर सरांबद्दल लिहायचंच होतं. मूळचे मालवणचे. २ जानेवारी २०१९ ला सर गेले. सचिनचे गुरू म्हणून अख्खं जग त्यांना ओळखतं, पण आपल्या विदर्भाचंही त्यांच्याशी नातं आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक आपण जिंकलो, तेव्हाचे कोच चंद्रकांत पंडित हे आचरेकर सरांचेच शिष्य! दुसरा करंडक जामठ्याच्या मैदानावर आला, तो सर गेल्यानंतर साधारण सव्वा महिन्यानं.

सरांची शिकवण्याची तऱ्हा बघा. नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. बॉलरनं आउट केलं तर नाणं त्याचं, शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवली आहेत. एकाच दिवशी दोन मॅचेस खेळता याव्यात म्हणून सर त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. 'छान खेळलास' असं मात्र म्हणायचे नाहीत. पोरगं हवेत जाऊ नये, एवढंच. मला हे फार पटतं.

१९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई घरातच आहे. त्यांची मुलगी कल्पना मुरकर यांनीही वडिलांसारखंच शिवाजी पार्कवर पोरांना घडवायचं काम हाती घेतलं. नवरा आणि बाप इतका मैदानाचा होऊन जातो, तेव्हा घरच्यांनीही पुष्कळ सोसलेलं असतं. त्यांनाही नमस्कार.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कात सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. मुंबईला गेलात तर पोरांना तिथे नक्की न्या.