दादांची माथेरानची सफर

एकत्र कुटुंबांत सहलीचा बेत निघाला म्हणजे पहिला प्रश्न कोठें जावयाचें हा नसतो. घरीं कोणी राहावयाचें, हा असतो. आमच्या घरीं नऊ वर्षें या प्रश्नाचें उत्तर ठरूनच गेलें होतें. आमचे थोरले बंधू, म्हणजे घरांतल्या सर्वांचे दादा, राहावयाचे. आणि ते राहावयाचे म्हणून वहिनीहि राहावयाच्या. ओल्या जिन्यावरून पडून दादांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली व कमरेखालची शक्ति गेली. त्यापूर्वी दर हिंवाळ्यांत एखादा गड चढून आल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. पुढें पुढें तर 'येतां का?' असें त्यांस विचारण्याचेंहि आम्हीं सोडून दिलें. विचारणें निर्दयपणाचें वाटे. न विचारणें त्याहून निर्दयपणाचें होतें, हें फार उशिरा कळलें. वहिनी एकदां आमच्या सौभाग्यवतीजवळ बोलून गेल्या, "तुम्ही सगळीं फिरून येतां ना, तेव्हां पुढचे दोन दिवस ते धड जेवत नाहींत." मग मात्र घरांतील तरुण मंडळी शोधास लागली, आणि वर्षभरानें एक खुर्ची घरीं आली.

दवाखान्यांत आपण पाहतों ती चाकांची खुर्ची फरशीसाठींच जन्मलेली असते. तिचीं पुढचीं चाकें इवलींशीं. भुसभुशीत मातींत तीं रुततात, आणि अंगठ्याएवढा दगड आडवा आला तरी खुर्ची थबकून बसणारा पुढें झुकतो. रुंद धांव, मोठें चाक, आणि पुढचें चाक मागच्यांपासून बरेंच दूर, इतकें केलें म्हणजे हा दोष पुष्कळ अंशीं जातो. भार तोच असतो, पण तो अधिक जमिनीवर पसरतो. अशा खुर्च्यांच्या अनेक तऱ्हा आहेत. फ्रान्समध्यें ज्योएल क्लोदेल नांवाच्या डोंगरी वाटाड्यानें १९८७ सालीं स्नायूंच्या विकारानें पंगु झालेल्या आपल्या एका आप्तासाठीं एकाच चाकाची खुर्ची केली. पुढें एक जण दांडे धरून ओढतो, मागें एक जण तोल सांभाळतो. आपल्या डोलीस मधोमध एक चाक लावावें, तशी ही 'ज्योएलेत'. पाऊलवाटेस ती उत्तम. परंतु बसणाऱ्यास आपल्या हातानें कांहींच करावयाचें नसतें, आणि तेंच आमच्या दादांस मानवण्यासारखें नव्हतें. "मी सामान नव्हे," हें त्यांचें ठरलेलें वाक्य.

आमच्याकडे आली ती निराळ्या जातीची. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत एमॉस विंटर व त्यांचे सहकारी यांनीं हिची मूळ कल्पना सिद्ध केली, आणि पूर्व आफ्रिका, ग्वाटेमाला व भारत येथें तिच्या चाचण्या झाल्या. इकडील कामीं 'जयपूर फूट'मुळें प्रसिद्ध असलेल्या जयपूरच्या संस्थेचें साह्य होतें. हिला तीन चाकें, आणि बसणाऱ्याच्या दोन्ही हातांशीं दोन उभ्या तरफा. वल्हीं मारावीं तशा त्या पुढें लोटावयाच्या. तरफ शेंड्याशीं धरली कीं जोर अधिक व वेग कमी, म्हणजे चढास योग्य. खालीं धरली कीं वेग अधिक. तरफा मागें ओढल्या कीं ब्रेक लागतो. साखळी व दांत्यांचीं चक्रें सायकलचींच, तेव्हां आमच्या आळींतील सायकलवाला ती खुर्ची पाहून मुळींच भांबावला नाहीं. आमच्या मतें तिची सर्वांत मोठी थोरवी हीच.

आठ दिवस दादांनीं तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. नवव्या दिवशीं पहांटे अंगणांत खडखड ऐकूं आली. आम्हीं खिडकी लोटून घेतली.

२०२३ च्या डिसेंबरांत आम्ही चौदा माणसें माथेरानास गेलों. स्थळ विचारपूर्वक निवडलें होतें. तेथें मोटारींस बंदी. दस्तुरीच्या नाक्यावर गाडी सोडली कीं बाजारापर्यंत सुमारें अडीच किलोमीटर वाट, बरीचशी तांबड्या मातीची. हातानें ओढावयाच्या रिक्षा तेव्हां चालू होत्या. (त्या सहा महिन्यांत बंद कराव्या असा आदेश पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला.) अडचण पडल्यास रिक्षा करूं, असें आम्हीं म्हणतांच दादा उसळले, "तिघांच्या घामावर मला थंड हवा खावयाची नाहीं!"

पहिला किलोमीटर झकास गेला. पुतणे शेजारून धांवत होते. मग चढ लागला. दादांनीं हात तरफांच्या शेंड्याशीं नेले व खुर्ची मुंगीच्या गतीनें चढूं लागली. थोरला पुतण्या मागून रेटावयास गेला, तोंच "हात काढ!" अशी गर्जना झाली. त्यानें हात काढला, आणि पंधरा-वीस पावलांवर पावसानें कोरलेल्या घळींत डावें चाक जाऊन खुर्ची कुशीवर आडवी झाली.

वहिनींची किंकाळी अजून आमच्या कानांत आहे. कोणी खांदे धरले, कोणी पाय. "थांबा! आधीं पाय पाहा," दादा जमिनीवरूनच ओरडले. खरेंच होतें तें. कमरेखालीं संवेदना नाहीं, हाड मोडलें तरी त्यांस कळावयाचें कसें? वहिनींनीं बूट-मोजे काढून दोन्ही पाय हळूहळू चांचपून पाहिले. घोट्याजवळ खरचटलें होतें, एवढेंच. खुर्चींत बसविल्यावर दादा बराच वेळ गप्प होते. नंतर पुतण्यास म्हणाले, "बाळ, दोर आणला आहेस ना? बांध." चढावर पुढून व उतारावर मागून, असा तो दोर मग शेवटपर्यंत राहिला, आणि तरफाहि चालूच राहिल्या.

ज्यांच्या घरीं असा बेत होईल त्यांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. बैठकीखालीं चांगली जाड गादी हवी, व दर अर्ध्या तासानें बसणाऱ्यानें हातांवर अंग उचलून धरावें; नाहींतर एकाच जागीं दाब पडून चिघळणारे व्रण होतात. दुसरी गोष्ट दाराची. आम्ही उतरलों त्या विश्रामगृहानें 'सर्व सोय आहे' असें दूरध्वनीवर सांगितलें होतें. सोय म्हणजे पायरीवर टाकलेली एक फळी! न्हाणीघराचें दार खुर्चीहून चार बोटें अरुंद. डोंगरवाट चढून आलेल्या मनुष्यास तेथें दोघांनीं उचलून न्यावें लागलें, आणि दादांस त्या दिवशीं खरोखर लागलें असेल तर तेथें. टेप घेऊन मोजावयास सांगावें, आणि आंकडाच विचारावा.

दुसऱ्या दिवशीं शार्लोट तलावाकांठीं दादा मुलांस हिरडा व अंजन ओळखावयास शिकवीत असतां वहिनी उठल्या आणि एकट्याच इको पॉइंटकडे चालूं लागल्या. तासाभरानें परतल्या. नऊ वर्षांत त्या एकट्या कोठें गेल्या नव्हत्या. कोणी कांहीं विचारलें नाहीं.

आतां समुद्राचें घाटत आहे. कोरड्या वाळूंत ही खुर्चीहि रुतते. तेथें फुग्यासारख्या जाड चाकांचीच हवी. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्यें अपंगांसाठीं लाकडी वाट केली, व पुढच्याच महिन्यांत वादळानें ती मोडली, हें सांगून आम्हीं मंडळींस जरा सबुरीचा सल्ला दिला. पण दादा म्हणतात, ओहोटीची घट्ट ओली वाळू पुरे आहे. घरीं कोणी राहावयाचें याचीहि चर्चा झाली. आमचे गुडघे दुखतात, म्हणून यंदा आमचें नांव निघालें आहे.