सुरीच्या लाकडी मुठीला चकाकी

शिसवी मुठीची चकाकी तेलापेक्षा घासण्यावर ठरते. आधी पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि मास्क लावा. शिसवीची धूळ बाधते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २२०, ४००, ६०० असे चढत जा. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. मूठ उजेडात तिरपी धरली की ते लगेच दिसतात. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसा. त्याने उठलेले लाकडाचे तंतू वाळले की हलक्या हाताने घासा. मग रंगाच्या दुकानातल्या डबल बॉइल्ड अळशीच्या तेलाचे पातळ हात द्या. शेंगदाण्याचे तेल नको, ते सुकत नाही. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्या. शेवटी मेण लावून सुती कापडाने चोळा. तेलकट चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.