अस्थिशूल आणि कर्करोग : वातव्याधी म्हणण्यापूर्वी

नांदगाव-मनमाड परिसरात शेतात राबणारे, रेल्वेत अंगमेहनत करणारे व कांद्याच्या गोण्या वाहणारे रुग्ण कंबरदुखी घेऊन आम्हा वैद्यांकडे नित्य येतात. बहुतेकांचे दुखणे कटिशूल, गृध्रसी वा संधिगत वात या सदरात मोडते व उपचारांनी शमते. परंतु क्वचित त्याच वेदनेमागे अस्थींत पसरलेला कर्करोग दडलेला असतो. तो वेळीच ओळखणे हे आपले कर्तव्य होय.

बीज आणि क्षेत्र

चरकाचार्यांनी अस्थिमज्जागत वाताच्या लक्षणांत अस्थिभेद, मांसबलक्षय, निद्रानाश व सतत वेदना सांगितल्या आहेत. हे कर्करोगाचेच वर्णन असे आम्ही म्हणत नाही. तथापि निद्रा हरण करणारी अखंड वेदना आजही वैद्यास सावध करणारी आहे.

१८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या शवविच्छेदन-नोंदी अभ्यासून 'बीज व भूमी' ही उपपत्ती मांडली. कर्कपेशी बीज, तर अस्थी तिला मानवणारे क्षेत्र. स्तन, पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट), फुप्फुस, वृक्क व थायरॉईड यांचे कर्करोग अस्थींत विशेषत्वाने पसरतात. मणके, कटीर, बरगड्या व मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्यांची नेहमीची स्थाने. कर्कपेशी हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतवितात आणि झिजलेल्या हाडातून सुटणारी वृद्धिद्रव्ये पुन्हा कर्कपेशींनाच पोसतात. स्तनातून हाडात गेलेला रोग स्तनाचाच कर्करोग राहतो; उपचारही मूळ स्थानानुसार ठरतात.

धोक्याच्या खुणा

पूर्वी, अगदी दहा वर्षांपूर्वीही, कर्करोग झाला होता काय, हे प्रत्येक रुग्णास विचारावे. विश्रांतीतही न थांबणारी, रात्री वाढणारी वेदना, अकारण वजन घटणे, किरकोळ धक्क्याने हाड मोडणे या खुणा दुर्लक्षू नयेत. साध्या क्ष-किरण चित्रात दोष न दिसल्याने शंका फिटत नाही. हाडाचा बराच अंश झिजल्याखेरीज तो त्यात उमटत नाही.

पाठदुखीसोबत पायांत दुर्बलता, बधिरता वा मूत्रावरोध आढळल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडावे. विलंबाने पाय कायमचे जाऊ शकतात. अतितृष्णा, बहुमूत्रता, मलावरोध, वांती व संभ्रम एकत्र दिसल्यास रक्तातील कॅल्शियम तातडीने तपासावे.

उपचारांतील मर्यादा

शंका असता मर्दन, मणके दाबणे वा ओढणे सर्वथा वर्ज्य. पोखरलेले हाड मोडू शकते. रक्तातील कॅल्शियम वाढलेले असता प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती, गोदंती ही कॅल्शियमयुक्त भस्मे देऊ नयेत. औषधालयचालकांनीही वेदनाशामक तेल व गुग्गुळ महिनोन्महिने नेणाऱ्या ग्राहकाची आस्थेने चौकशी करून त्यास तपासणीस पाठवावे.

किरणोपचाराने, पुष्कळदा एकाच बैठकीत, वेदना लक्षणीय उणावते. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधे हाडांची झीज रोखतात. मात्र त्यापूर्वी दंतपरीक्षा आवश्यक असते. रोग बहुधा समूळ जात नसला, तरी स्तन वा प्रोस्टेटच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारांच्या आधारे वर्षानुवर्षे जगतात. नाशिकला किरणोपचाराची सोय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून सेवेत आहे. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगोपचारांचा समावेश आहे.

रुग्णास धाडले म्हणजे आपला संबंध संपला असे नव्हे. अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती व मनोबल सांभाळण्यास तो पुन्हा आपल्याकडेच येईल. तेव्हा आपण देत असलेले प्रत्येक औषध चिठ्ठीवर लिहून कर्करोगतज्ज्ञांस कळवावे.